ग्रँडस्लॅमच्या पुरुष एकेरीचा ड्रॉ: १२८ ओळींत कोण कुठे आणि का

प्रश्न असा आहे: २०१९ च्या अमेरिकन ओपनमध्ये सुमित नागलसमोर पहिल्याच फेरीत रॉजर फेडरर आला. २०२४ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये त्याच नागलला ३१ वा मानांकित अलेक्झांडर बुबलिक मिळाला. मग ड्रॉ, म्हणजे कोण कोणाशी खेळणार याचा तक्ता, हे निव्वळ नशीब, की मोठ्या खेळाडूंची वाट मोकळी राहावी अशा बेताने तो बसवलेला असतो? आणि ड्रॉ जाहीर झाल्यावर एखाद्या बड्या खेळाडूने माघार घेतली, तर तो पुन्हा काढतात का?

थोडक्यात सांगायचं तर ३२ मानांकित (क्रमवारीत वरचे म्हणून क्रमांक दिलेले) खेळाडू एकमेकांसमोर कोणत्या फेरीच्या आधी येणार नाहीत, हे नियमाने ठरलेलं असतं. उरलेले ९६ जण चिठ्ठीने पडतात आणि त्यात कोणाचीही भीडभाड नसते. माघारीनंतर ड्रॉ पुन्हा काढत नाहीत, पण ठरावीक क्रमाने काही नावं जागा बदलतात. आता एकेक गोष्ट नीट पाहू, कारण गैरसमज सगळे तपशिलातच आहेत.

आधी ही १२८ नावं येतात कुठून? चारही ग्रँडस्लॅममध्ये साधारण हिशेब सारखाच: १०४ जणांना क्रमवारीवर थेट प्रवेश, १६ जण पात्रता फेरीतून आणि ८ वाइल्ड कार्ड, म्हणजे आयोजकांनी खास दिलेला प्रवेश. थेट प्रवेशाची यादी स्पर्धा सुरू व्हायच्या सहा आठवडे आधीच्या एटीपी (पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसची संघटना) क्रमवारीवर लागते. हे सहा आठवडे फार महत्त्वाचे. विम्बल्डन सुरू होतं जूनअखेर किंवा जुलैच्या आरंभी, म्हणजे त्याची यादी मे महिन्याच्या मध्याला, फ्रेंच ओपनसुद्धा सुरू व्हायच्या आधी बंद झालेली असते. एखादा खेळाडू पॅरिसला चौथ्या फेरीपर्यंत धडकला आणि क्रमवारीत ७० वर आला, तरी मेमध्ये तो १३० वा असेल तर विम्बल्डनला त्याला पात्रता फेरीच खेळावी लागते, नाहीतर वाइल्ड कार्डाची वाट पाहावी लागते. "हा तर पहिल्या शंभरात आहे, मग क्वालिफाइंग का खेळतोय?" या दरवर्षीच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा या तारखेत असतं.

थेट प्रवेशाची शेवटची ओळ बरोबर १०४ व्या क्रमांकावर थांबत नाही. दुखापतीमुळे किमान सहा महिने बाहेर राहिलेल्या खेळाडूला 'संरक्षित क्रमवारी' मिळते. दुखापतीनंतरच्या पहिल्या तीन महिन्यांतल्या त्याच्या क्रमवारीची सरासरी काढतात आणि परतल्यावर ठरावीक काळ किंवा ठरावीक स्पर्धांपुरता तो त्या आकड्यावर प्रवेश घेऊ शकतो. असे तीन-चार जण आले की ओळ वर सरकते. उलट वरच्या खेळाडूंनी माघार घेतली की खालचे आत येतात. म्हणून प्रत्यक्षात कट शंभरच्या आसपास हलत राहतो.

संरक्षित क्रमवारीवर आत येता येतं, मानांकन मात्र मिळत नाही. २०२४ च्या फ्रेंच ओपनमध्ये १४ वेळा विजेता ठरलेला राफेल नदाल असाच आत आला, बिगरमानांकित म्हणून चिठ्ठीत पडला आणि पहिल्याच फेरीत चौथ्या मानांकित अलेक्झांडर झ्वेरेव्हसमोर उभा राहिला. तो ६-३, ७-६, ६-३ असा हरला. ड्रॉ मोठ्या नावांसाठी बसवतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी हा सामना आठवावा. पॅरिसमध्ये नदालपेक्षा मोठं नाव दुसरं नाही, तरी त्याच्यासाठी कोणी चिठ्ठी बदलली नाही.

पात्रता फेरीतही १२८ जणच असतात. तिथे साधारण २२० ते २५० व्या क्रमांकापर्यंतचे खेळाडू येतात. सलग तीन सामने जिंकले की मुख्य फेरी. विम्बल्डनची पात्रता फेरी ऑल इंग्लंड क्लबवर होत नाही, ती काही मैलांवरच्या रोहॅम्प्टनला होते. ही फेरी पार करून आलेला खेळाडू दमलेला असतो हे खरं, पण तशाच कोर्टांवर, त्याच चेंडूंनी तीन सामने जिंकलेलेही असतात. पहिल्या फेरीत असा खेळाडू समोर आला की मानांकितांना धास्ती वाटते ती याचमुळे. २०२१ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये अस्लान करात्सेव्ह पात्रता फेरीतून येऊन थेट उपांत्य फेरीत पोचला. विम्बल्डनला १९७७ मध्ये जॉन मॅकेन्रो आणि २००० मध्ये व्लादिमीर व्होल्चकोव्ह यांनी हेच केलं होतं. त्यापुढे, म्हणजे अंतिम फेरीत, पुरुष एकेरीत पात्रता फेरीतून आलेला कोणीही आजवर गेलेला नाही.

वाइल्ड कार्ड आयोजकांच्या हातात. ऑस्ट्रेलिया, फ्रान्स आणि अमेरिका यांच्या टेनिस संघटना आपसात एकेक कार्ड अदलाबदलीने देतात आणि उरलेली बहुतेक घरच्या खेळाडूंना जातात. विम्बल्डनला जुन्या विजेत्यांचा किंवा उपविजेत्यांचा विचार होतो. २००१ मध्ये जागतिक क्रमवारीत १२५ व्या असलेल्या गोरान इव्हानिसेविचला असं कार्ड मिळालं आणि त्याने पॅट राफ्टरला पाच सेटमध्ये, शेवटचा सेट ९-७ ने घेत हरवून विजेतेपद मिळवलं. वाइल्ड कार्डवर विम्बल्डनची पुरुष एकेरी जिंकणारा तो एकमेव.

आता मानांकनाकडे. हा सगळ्यात रोचक भाग.

२००१ च्या विम्बल्डनपासून ३२ जणांना मानांकन मिळतं, त्याआधी १६ असत. मध्यंतरी २०१९ पासून पुन्हा १६ वर जायचं ठरलं होतं, पण तो बेत नंतर सोडून दिला. १२८ ओळींचा कागद समोर ठेवा. पहिला मानांकित ओळ १ वर, दुसरा ओळ १२८ वर. या दोघांसाठी चिठ्ठी नाही. तिसरा आणि चौथा यांची चिठ्ठी निघते: पहिलं नाव ओळ ३३ वर, दुसरं ९६ वर. म्हणजे तिसरा मानांकित पहिल्याच्या अर्ध्या भागात जाईल की दुसऱ्याच्या, याची शक्यता निम्मी-निम्मी. मग ५ ते ८ यांची चिठ्ठी, ओळी ३२, ६४, ६५ आणि ९७ साठी. म्हणजे ड्रॉच्या प्रत्येक पाव भागात १ ते ४ पैकी एक आणि ५ ते ८ पैकी एक. दोघेही जिंकत राहिले तर उपांत्यपूर्व फेरीत गाठ.

पुढचे गट असे: १३ ते १६ हे चौथ्या फेरीत १ ते ४ यांच्या वाट्याला येतात, ९ ते १२ हे ५ ते ८ यांच्या. २५ ते ३२ हे तिसऱ्या फेरीत पहिल्या आठांपैकी कोणाच्या तरी समोर पडतात, १७ ते २४ हे ९ ते १६ यांच्यासमोर.

यातून एक गोष्ट निघते, जी सहसा कोणी सांगत नाही. गटाच्या आतला क्रमांक काहीही बदलत नाही. पाचवा आणि आठवा मानांकित यांची चिठ्ठी एकाच भांड्यातून निघते, पाचव्याला कसलीही जास्त सवलत नाही. पण आठवा आणि नववा यांत मोठा फरक. आठव्याला उपांत्यपूर्व फेरीच्या आधी पहिल्या आठांतलं कोणी भेटत नाही, नवव्याला चौथ्या फेरीतच भेटू शकतं. तसंच १२ आणि १३: बाराव्यासमोर चौथ्या फेरीत ५ ते ८ पैकी कोणीतरी, तेराव्यासमोर थेट पहिल्या चारांपैकी. २४ आणि २५ यांचंही तेच. आणि सगळ्यात महाग फरक ३२ व ३३ यांच्यातला. बत्तिसावा तिसऱ्या फेरीपर्यंत मानांकितांपासून सुरक्षित, तेहेतिसावा पहिल्याच दिवशी पहिल्या मानांकितासमोर येऊ शकतो. मानांकन ठरायच्या आधीच्या आठवड्यांत क्रमवारीत तिसाच्या आसपासचे खेळाडू एखाद्या छोट्या स्पर्धेत जिवाच्या आकांताने का खेळतात, ते या सीमांवरून कळतं.

मानांकन थेट ताज्या एटीपी क्रमवारीवर दिलं जातं. विम्बल्डनचा मात्र बराच काळ वेगळा हिशेब होता. एटीपी गुणांत मागच्या बारा महिन्यांतले हिरवळीवरचे गुण पुन्हा एकदा मिळवायचे आणि त्याआधीच्या बारा महिन्यांतल्या हिरवळीवरच्या सर्वोत्तम स्पर्धेचे ७५ टक्के गुण त्यात घालायचे. २०१९ मध्ये याच सूत्राने जागतिक क्रमवारीत तिसरा असलेला फेडरर दुसरा मानांकित झाला आणि दुसरा असलेला नदाल तिसरा. नदाल चिठ्ठीने फेडररच्याच भागात पडला आणि दोघे उपांत्य फेरीत भिडले. २०२१ पासून हे सूत्र पुरुष एकेरीत वापरत नाहीत. हिरवळीवर खेळणं हे वेगळंच कौशल्य असल्यामुळे माझ्या मते ते ठेवायला हवं होतं. पण नियम सगळीकडे एकच असावा या मागणीतही तथ्य आहे.

उरलेल्या ९६ ओळींत बिगरमानांकित, वाइल्ड कार्डवाले आणि पात्रता फेरीतले सगळे एकत्र चिठ्ठीने पडतात. एकाच देशाचे दोघे पहिल्या फेरीत समोरासमोर आले तरी त्यांना वेगळं करत नाहीत. ड्रॉ निघतो तेव्हा पात्रता फेरी संपलेली नसते, म्हणून १६ ओळींवर नुसतं 'क्यू' लिहिलेलं असतं आणि नंतर दुसरी चिठ्ठी काढून त्या जागा भरतात.

नागलचा प्रश्न या आकड्यांवर तपासून पाहा. ९६ बिगरमानांकितांपैकी ३२ जण मानांकितांसमोर पडणार, म्हणजे तिघांत एक. अमुक एकच मानांकित समोर येण्याची शक्यता ९६ मध्ये १. २०१९ मध्ये नागलला तिसरा मानांकित फेडरर आला हा याच हिशेबातला खेळ. त्याने पहिला सेट ६-४ घेतला आणि पुढचे ६-१, ६-२, ६-४ असे गमावले. २०२४ मध्येही तो पात्रता फेरीतूनच आला होता आणि पुन्हा मानांकितासमोरच पडला, फक्त या वेळी तो मानांकित ३१ वा होता. ६-४, ६-२, ७-६ अशी ती लढत जिंकून ग्रँडस्लॅम एकेरीत मानांकिताला हरवणारा तो १९८९ नंतरचा पहिला भारतीय पुरुष ठरला. १९८९ मध्ये याच स्पर्धेत रमेश कृष्णनने अव्वल मानांकित मॅट्स विलँडरला हरवलं होतं. दोन्ही वेळा चिठ्ठीचा नियम एकच होता. 'मानांकित' या शब्दात पहिला आणि बत्तिसावा दोघेही बसतात, एवढंच.

पहिल्या फेरीत मानांकित टळला तरी सुटका नसते. कागदावर चार-चार ओळींचे ३२ गट पाडा, प्रत्येक गटात बरोबर एक मानांकित सापडेल. म्हणजे जो पहिल्या फेरीत बिगरमानांकिताशी खेळतो, त्याला दुसऱ्या फेरीत मानांकितच भेटणार. कोणी आधीच त्याला उडवलं असेल तरच वेगळी गोष्ट. म्हणून खरा 'सोपा ड्रॉ' मिळतो तो शेजारच्या ओळीत धक्कादायक निकाल लागला की.

बालेवाडीला २०१८ ते २०२३ दरम्यान झालेल्या महाराष्ट्र ओपनशी तुलना करणाऱ्यांसाठी एक खुलासा. ती एटीपी २५० दर्जाची स्पर्धा होती आणि तिथे एकेरीत ३२ ओळींवर २८ नावं असत. पहिल्या चार मानांकितांना पहिल्या फेरीत पुढे चाल मिळत असे. ग्रँडस्लॅममध्ये पुढे चाल कोणालाच नाही, पहिल्या मानांकितालाही सातच्या सात सामने खेळून जिंकावे लागतात, तेही पाच सेटचे.

आता माघारीचा भाग. इथे वेळ सगळं ठरवते.

ड्रॉ निघण्याआधी मानांकिताने माघार घेतली तर खालचे सगळे एकेक पायरी वर सरकतात आणि मग ड्रॉ निघतो, कुणाचं काही बिघडत नाही. अडचण होते ती ड्रॉ निघाल्यावर, पण पहिल्या दिवसाचं वेळापत्रक जाहीर व्हायच्या आत माघार आली तर. तेव्हा पहिल्या चारांतली जागा रिकामी झाल्यास पाचवा मानांकित तिथे जातो, पाचव्याच्या जागी सतरावा, सतराव्याच्या जागी ३३ व्या मानांकनाचा हक्कदार आणि त्याच्या जागी लकी लूजर, म्हणजे पात्रतेच्या शेवटच्या फेरीत हरलेला खेळाडू.

२०१७ च्या अमेरिकन ओपनमध्ये नेमकं हेच घडलं. ड्रॉ शुक्रवारी निघाला. दुसरा मानांकित अँडी मरे शनिवारी बाहेर पडला. पाचवा मरिन चिलिच मरेच्या ओळीवर गेला, सतरावा सॅम क्वेरी चिलिचच्या, फिलिप कोलश्रायबर क्वेरीच्या आणि कोलश्रायबरच्या जागी लकी लूजर लुकास लाको. परिणाम काय झाला? पहिला मानांकित नदाल आणि तिसरा फेडरर आधीच वरच्या अर्ध्या भागात एकत्र पडले होते, ते तसेच राहिले. मरेने एक दिवस आधी माघार घेतली असती तर फेडरर दुसरा मानांकित होऊन खालच्या टोकाला गेला असता. खालच्या भागातून शेवटी २८ वा मानांकित केव्हिन अँडरसन अंतिम फेरीत आला. क्वेरीसुद्धा नव्या ओळीवरून उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला.

वेळापत्रक जाहीर झाल्यावर माघार आली तर ही साखळी हलत नाही. लकी लूजर थेट मानांकिताच्या ओळीवर बसतो आणि त्याच्या शेजाऱ्याचं नशीब उघडतं. २०२२ च्या विम्बल्डनमध्ये आठवा मानांकित मात्तेओ बेरेत्तिनी कोविडमुळे बाहेर पडला आणि त्याच्या जागी एलियास इमर आला. समोर होता बिगरमानांकित क्रिस्तियान गारिन, तो त्या कोपऱ्यातून उपांत्यपूर्व फेरीत पोचला.

लकी लूजर निवडताना आधी क्रमवारीनुसार सरळ वरचा घेत. मग आत जायची खात्री असलेला खेळाडू शेवटचा सामना मनापासून खेळेल का, अशी शंका यायची. म्हणून आता हरलेल्यांपैकी क्रमवारीत वरच्या काही जणांमध्ये चिठ्ठी टाकून क्रम लावतात. त्यांना पहिली फेरी संपेपर्यंत रोज हजेरीची सही करून, कपडे बदलून तयार बसावं लागतं. नाव पुकारलं आणि माणूस हजर नसेल तर संधी पुढच्याला.

दुखापत असूनही खेळाडू कोर्टावर उतरून अर्ध्या तासात सामना सोडायचे, कारण पहिल्या फेरीची रक्कम सोडवत नसे. ती रक्कम खरंच मोठी आहे: विम्बल्डनला २०२५ मध्ये पहिल्या फेरीत हरणाऱ्याला ६६,००० पौंड मिळाले. २०१८ पासून नियम असा की मुख्य फेरीआधीच्या गुरुवारी दुपारी १२ नंतर स्पर्धेच्या ठिकाणी हजर राहून माघार घेतली, तर पहिल्या फेरीची निम्मी रक्कम त्याला आणि निम्मी बदली खेळाडूला. शिवाय पहिल्या फेरीत सामना सोडला किंवा अगदीच हलगर्जी खेळ केला, तर ती पूर्ण रक्कम दंड म्हणून कापता येते. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये मिशा झ्वेरेव्हला ४५,००० अमेरिकी डॉलर दंड झाला. नियम चांगला आहे, कारण दुखापतग्रस्ताला घरी जायची लाज वाटत नाही आणि प्रेक्षकाला पुरा सामना मिळतो.

ड्रॉ कागदावर कितीही सरळ दिसला तरी पाच सेट तो वाकवतात. २०१० च्या विम्बल्डनमध्ये जॉन इस्नरने निकोला माउला शेवटच्या सेटमध्ये ७०-६८ असं हरवलं, तीन दिवसांत मिळून ११ तास ५ मिनिटं. पुढच्या फेरीत थीमो डी बाकरने त्याला ६-०, ६-३, ६-२ असं गुंडाळलं. २०२२ पासून चारही ग्रँडस्लॅममध्ये पाचव्या सेटला ६-६ झाल्यावर १० गुणांचा टायब्रेक असतो, त्यामुळे असे सामने आता होणार नाहीत. तरीही आधीच्या फेरीत कोण किती तास कोर्टावर होता, हे पुढच्या सामन्याचा अंदाज बांधताना मानांकनाइतकंच बघावं.

गुणांचं गणित, २०२४ पासूनचं: पहिल्या फेरीत हरलात तर १०, दुसरीत ५०, तिसरीत १००, चौथीत २००, उपांत्यपूर्व ४००, उपांत्य ८००, उपविजेता १३००, विजेता २०००. पात्रता फेरी पार केल्याचे ३० वेगळे. ते मुख्य फेरीतल्या गुणांत मिळवले जातात, म्हणून पात्रता फेरीतून येऊन पहिल्याच फेरीत हरलेल्यालाही ४० मिळतात. हे गुण ५२ आठवड्यांनी गळून पडतात.

ड्रॉ स्वतः वाचायचा असेल तर विम्बल्डनच्या आधीच्या शुक्रवारी तो निघाल्यावर लगेच भाकितं करू नका. 'क्यू'च्या ओळी भरू द्या, वेळापत्रक येऊ द्या, मग आपल्या खेळाडूच्या आठ ओळींच्या कप्प्यात आणखी कोणता मानांकित आहे आणि त्याने त्या वर्षी हिरवळीवर किती सामने जिंकलेत, ते बघा. पुरुष एकेरीचा एक अर्धा भाग साधारण सोमवारी सुरू होतो, दुसरा मंगळवारी. गतविजेता सोमवारी सेंटर कोर्टवर पहिला सामना खेळतो. बाहेरच्या कोर्टांवर खेळ लंडनच्या सकाळी ११ ला, म्हणजे आपल्या दुपारी साडेतीनला सुरू होतो आणि सेंटर कोर्टवर संध्याकाळी सहाला. भारतीय खेळाडू बहुधा बाहेरच्या कोर्टांवर असतो, तेव्हा साडेतीनपासूनच लक्ष ठेवा.